लिथियम बंद करायला सांगणारा तो फॉरवर्ड

परवा आत्याने एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "याच्या गोळ्या थांबवू का रे?" तिचा मुलगा बायपोलर आहे, म्हणजे कधी उन्माद, कधी खोल उदासी; त्यासाठी लिथियमच्या गोळ्या घेतो. मध्यंतरी एमडीच्या, म्हणजे मेफेड्रोन या ड्रगच्या नादाला लागला होता. मेसेज म्हणतो: खरी नशा लिथियमची, एमडीने डिप्रेशन जातं, ती टेस्टमध्ये येत नाही म्हणजे सौम्य, गोळ्या सोडून नुसतं व्यसन सोडवा, बायपोलर आपोआप जाईल, आणि डॉक्टरला सांगाल तर पोलीस केस होईल.

लिथियम गिळून कुणाला झिंग येत नाही. जास्तीच्या गोळीसाठी कुणी आईच्या बांगड्या विकलेल्या नाहीत. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर त्याचा गुण दाखवला, आणि बायपोलरमध्ये आत्महत्येचा धोका कमी करण्यात आजही त्याच्या तोडीचं औषध शोधावं लागतं. रक्त तपासत राहावं लागतं, थायरॉइड-किडनीवर लक्ष ठेवावं लागतं, हे खरं. पण ते मात्रा जपावी लागते आणि त्या अवयवांवर परिणाम होऊ शकतो म्हणून. एकदम बंद केलं तर उन्माद उसळतो, आणि तो निस्तरायला मेसेज लिहिणारा येत नाही.

एका गोष्टीबद्दल तर त्याने अवाक्षर काढलेलं नाही. लिथियम चालू असताना एमडी घेऊन रात्रभर नाचलं, घामावाटे पाणी-मीठ गेलं, की रक्तातलं लिथियम वाढू शकतं. हात थरथरतात, उलट्या होतात, झोकांड्या जातात, जीभ जड होते. घरच्यांना वाटतं, अजून उतरलेली नाही. झोपू दे म्हणतात. ती विषबाधा असू शकते. लगेच हॉस्पिटल गाठायचं.

डिप्रेशन जातं? जातं, तास-दोन तास. मग पुन्हा पुडी, पुन्हा जागरण. बायपोलर माणसाला जागरण एवढंच उन्मादासाठी पुरतं, आणि नंतरची उदासी वेगळीच.

टेस्टचं मात्र अर्धं खरं आहे. लघवीच्या साध्या किटमध्ये मेफेड्रोन बरेचदा सुटतं. म्हणून सौम्य? २०१५ पासून ते एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात आहे, आणि २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या कारखान्यातून शेकडो किलो पकडलं ते सरबतासाठी नव्हतं.

नशेने उन्मादासारखी लक्षणं येतात आणि ती उतरल्यावर जातातही, हेही मान्य. पण या पोराला पहिला झटका बारावीत आला, एमडीचं नाव कानावर पडण्याआधी. रेगियर आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात वीस हजारांवर अमेरिकनांची पाहणी छापली: तीव्र प्रकारचा, म्हणजे बायपोलर-एक असलेल्यांपैकी सुमारे ६१ टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी दारू वा ड्रगचा त्रास झालेला. तेव्हा एमडी बाजारात नव्हती, तरी हे. दोन्ही आजार हातात हात घालून येतात, उपचारही दोन्हींवर एकदमच लागतात.

केसचं म्हणाल, तर एनडीपीएस कायद्याचंच कलम ६४ए अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातल्या व्यसनीला, तो स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर, खटल्यापासून संरक्षण देतं. डॉक्टरपासून एमडी लपवली, तर तो लिथियमचा डोस अर्ध्या माहितीवर ठरवणार. रात्री-अपरात्री विचारायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलतात.