पेठेतली रूम सजवायचीय? मग नीट ऐका

सगळ्यात आधी अभिनंदन. पुण्यात सदाशिव पेठेत, तेही वाड्यात, तळमजल्यावर कॉट बेसिसवर, म्हणजे एका कॉटपुरतं भाडं भरून, जागा मिळाली म्हणजे राज्यसेवेची पूर्व परीक्षा निघाल्यासारखंच आहे, मुख्य तेवढी बाकी. रूममध्ये तीन कॉट, त्यातली खिडकीजवळची एका दादाने कधीच धरून ठेवलीय, तो इथं किती वर्षं आहे आणि त्याचं पुढं काय चाललंय हे विचारायचं नसतं, विचारलं तर तो चहा पाजतो आणि मग दोन तास सांगतो.

आता रूम सजवायची म्हणताय तर ती रील बघितलीच असणार, भाड्याच्या खोलीचा मेकओव्हर फक्त दोन हजारात. अभ्यासिकेत बसून दुसरं काय बघतात. तर त्या रीलमधल्या खोलीला आधीपासूनच पांढरीशुभ्र भिंत, मोठी खिडकी आणि बाल्कनी असते, मग ती मुलगी कोपऱ्यात एक चटई टाकते, एक दिवा ठेवते आणि झाला मेकओव्हर. चटई तुमच्याकडेपण आहे. म्हणजे निम्मं काम झालंच की.

पहिली भिंत घ्या. वाड्याची भिंत म्हणजे वीट, माती, चुना, चांगली जाडजूड, आणि ती जमिनीतलं पाणी वर ओढते. ते पाणी वाळलं की आतले क्षार बाहेर येऊन पांढरी भुकटी धरते, त्याला लोणा लागला म्हणतात. त्यावर मारलेला रंग पोपडे होऊन गादीवर पडतो. मालकीणकाकूंना सांगून बघा, त्या म्हणतील, "पानशेतच्या पुरात उभा राहिलेला वाडा आहे हा." 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं, तेव्हापासून या भिंतीला कुणी काही म्हटलेलं नाही, तुम्ही कोण.

तरी तुम्ही ऑनलाईन चिकटवायचा वॉलपेपर मागवाच. विटांच्या डिझाईनचा मागवा, म्हणजे खऱ्या विटांवर खोट्या विटा लावल्याचं समाधान मिळेल. तो भिंतीला चिकटत नाही, भिंतीवरच्या डिस्टेंपरला चिकटतो, आणि डिस्टेंपर कशालाच चिकटलेलं नसतं, त्यामुळे आठवड्याभरात रात्री कधीतरी सगळं एकदम खाली येतं आणि दादा झोपेत शिव्या देतो. समजा राहिलाच टिकून, तर ओल मागे कोंडते, बुरशी धरते आणि खोलीला एक वास येतो. बाहेर लोक असल्या वासाच्या मेणबत्त्या विकत घेतात म्हणे.

खिळा ठोकायचा नाही हा काकूंचा नियम आहे. मग चिकटणारे हुक आणा. खिळ्याने पडलं असतं बोटाएवढं भोक, हुक पडताना तळहाताएवढा गिलावा घेऊन पडतो, पण नियम मोडलेला नसतो.

यावर पेठेतला खरा उपाय एकच, आणि तो रीलवाल्यांना अजून सापडलेला नाही. अप्पा बळवंत चौकात जा, महाराष्ट्राचा मोठा लॅमिनेटेड नकाशा घ्या आणि ओलीच्या सगळ्यात मोठ्या डागावर लावा. 36 जिल्हे आहेत, पुष्कळ भिंत झाकली जाते. पावसाळ्यात ओल कोकणाच्या बाजूने आत शिरते, घाट ओलांडते आणि हळूहळू विदर्भापर्यंत पोचते, मान्सूनचा प्रवास वेगळा पाठ करायला लागत नाही. मराठवाडा तेवढा कोरडा राहतो, तिथं वेळापत्रक चिकटवा.

छताचं काय करायचं तर काही नाही. लाकडी तक्तपोशी आहे, वर मातीची जमीन आहे, वरचे आजोबा पहाटे चालायला लागले की बारीक माती खाली येते. असल्या छताला कॅफेमध्ये हेरिटेज म्हणतात आणि कॉफीचे तीनशे घेतात. तुम्ही फक्त चहाच्या कपावर बशी झाकत जा.

मग लायटिंग. फेअरी लाईट तुळशीबागेतून घ्या, सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यापासून सुरू करा आणि दुकानदार हसला तर समजा अजून कमी चाललं असतं. अडचण अशी की अख्ख्या खोलीत बोर्ड एक, त्यावर ते काळे जुने बटण, त्यात एक्स्टेंशन, त्या एक्स्टेंशनला दुसरं एक्स्टेंशन, त्यावर तीन मोबाईल, एक लॅपटॉप, तुमच्या फेअरी लाईट, आणि दादाने सकाळी आंघोळीच्या पाण्यात रॉड टाकला की फ्यूज उडालाच. फ्यूजला दरवेळी आधीपेक्षा जाड तार बांधायची इथली पद्धत आहे, मग फ्यूज उडायचं बंद होतं आणि गरम व्हायची जबाबदारी भिंतीतल्या वायरीवर येते. ती वायर काकूंच्या लग्नाच्या आधीची आहे. उबदार वातावरण म्हणतात ते हेच असावं.

फर्निचरला पैसे घालवू नका. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथं एका पायाने लंगडी खुर्ची मिळते, आणि चौथ्या पायाखाली घालायला पुस्तकं तुमच्याकडे आहेतच. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली, तेव्हा बहुपर्यायी प्रश्नांचे ते जाडजूड संच, जे कुठल्यातरी सीनियरने उपकार केल्यासारखे तुम्हाला निम्म्या किमतीत विकले, त्यांचं मस्त टेबल होतं. वर एक पाट ठेवा. पॅटर्न परत बदलला तर दुसरं टेबल होईल.

पडद्याला आईची जुनी साडी, सगळेच लावतात. फक्त आईला व्हिडीओ कॉलवर खिडकी दाखवू नका, कारण ती जुनी नव्हती. मनी प्लांट दारूच्या बाटलीत लावायचा असेल तर लावा, लेबल मात्र काढा, काकू अचानक येतात.

फ्रेम हवीच असेल तर तुमचं अ‍ॅग्रीमेंट लावा. नाहीये? आश्चर्य आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55, करार लेखी पाहिजे, नोंदवलेला पाहिजे, अकरा महिन्यांचा असला तरीसुद्धा पाहिजे, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. हे तुम्हाला पाठ असेलच. काकूंसमोर म्हणून बघा. नोंदवलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू काय म्हणतो तेच ग्राह्य धरतात, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, असंही त्याच कलमात आहे. हेपण म्हणून बघा, आणि म्हणायच्या आधी बॅग भरून ठेवा.

तर एवढं सगळं करून रूम खरंच बरी दिसायला लागते. मित्र येतात, फोटो काढतात, आणि मग एक दिवस काकू दारात उभ्या राहून चौफेर बघतात, "छान केलीय रे रूम," म्हणतात. इथंच सावध व्हायला पाहिजे होतं. पुढच्या महिन्यापासून कॉटमागे पाचशे वाढतात, कारण रूम आता चांगली आहे, चांगल्या रूमचा रेट वेगळा असतो. तुमच्याच फेअरी लाईटचा फोटो ब्रोकरच्या ग्रुपवर फिरायला लागतो, खाली लिहिलेलं असतं फुल्ली फर्निश्ड, शांत परिसर, फक्त अभ्यासू मुलांसाठी. आणि सोडून जाताना डिपॉझिटमधून भिंत रंगवायचे पैसे कापतात, तीच भिंत, जी तुम्ही स्वतःच्या खर्चाने झाकलीत. रंगवत कुणीच नाही, त्यासाठी नकाशा काढावा लागेल.

म्हणून शेवटच्या आठवड्यात जो नवीन मुलगा रूम बघायला येईल, लातूरचा असो की बुलढाण्याचा, त्याच्याशी गोड बोला. खुर्ची, टेबल, लाईट मिळून बाराशे सांगा, आठशेला सोडा. सामानाकडे बघता बघता त्याने भिंतीला ओल आहे का विचारलं तर नकाशाला टेकून उभे राहा आणि म्हणा, पानशेतच्या पुरात टिकलेला वाडा आहे भावा.