वेगमर्यादा बदलली की आधी कारण विचारा

महामार्गावरची वेगमर्यादा बदलल्याची बातमी आली की सगळीकडे दोनच सूर ऐकू येतात. वाढली तर "चला, आता गाडी मोकळी सोडता येईल", कमी झाली तर "दंड वसुलीचं नवं निमित्त". नवा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो, पण तो का बदलला हे फार थोडे जण विचारतात. मला हे खटकतं. मर्यादा वाढो की घटो, बदलणाऱ्या सरकारने कारण स्पष्ट लिहून द्यायला हवं आणि आपण ते मागून घ्यायला हवं.

कारण दर वेळी वेगळं असतं. अमेरिकेने 1974 मध्ये देशभर ताशी 55 मैलांची मर्यादा आणली ती तेलटंचाईमुळे. इंधन वाचवायचं होतं, अपघात हा मुख्य मुद्दा नव्हताच. तरी त्या वर्षी रस्त्यांवरचे मृत्यू आदल्या वर्षीपेक्षा सुमारे 9 हजारांनी घटले. (लोकांनी गाड्याच कमी चालवल्या होत्या, त्यामुळे सगळं श्रेय मर्यादेला देता येत नाही.) पुढे तेल मिळू लागलं, नाराजी वाढत गेली, आणि 1995 मध्ये तो कायदाच रद्द झाला. स्पेनने 2011 मध्ये इंधन वाचवायला मर्यादा 120 वरून 110 किलोमीटरवर आणली आणि चारेक महिन्यांत परत 120 केली. नेदरलँड्सने 2020 मध्ये दिवसाची मर्यादा 100 केली, ती नायट्रोजन प्रदूषणाच्या प्रश्नामुळे. फ्रान्सने 2018 मध्ये दुभाजक नसलेल्या दुपदरी रस्त्यांवर 90 चं 80 केलं ते थेट जीव वाचवण्यासाठी, पण लोकांचा विरोध इतका झाला की पुढे स्थानिक प्रशासनाला परत 90 करायची मुभा द्यावी लागली.

आपल्याकडे 2018 मध्ये केंद्राने द्रुतगती मार्गांवर कारची मर्यादा ताशी 120 केली. अपघात भरपाईच्या एका प्रकरणात 2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. वाढीच्या बाजूने मुद्दा होता सुधारलेले रस्ते आणि सुधारलेली इंजिनं. हा मुद्दा मला कधीच पटला नाही. इंजिन सुधारलं म्हणून माणसाची नजर आणि ब्रेककडे जाणारा पाय काही जास्त चपळ होत नाही.

हिशेबच करून बघा. रस्ता कोरडा, ब्रेक उत्तम, चालकाचं पूर्ण लक्ष समोर. ताशी 100 ने जाणारी कार एका सेकंदात जवळपास 28 मीटर जाते. समोर काही दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला असं धरा. त्यानंतर थांबायला आणखी 55 मीटर, म्हणजे एकूण 83. तीच कार 120 ने असेल तर 112 मीटर लागतात. आता पहिली कार जिथे पूर्ण थांबली, त्याच जागी उलटलेला ट्रक आडवा पडलाय असं समजा. दुसरी कार तिथे पोहोचते तेव्हा, ब्रेक पूर्ण दाबलेला असूनही, तिचा वेग ताशी 70 च्या वर असतो. एक जण घाबरून का होईना घरी जातो, दुसरा 70 च्या वेगाने ट्रकवर आदळतो. आणि या जादा 20 किलोमीटरमुळे शंभर किलोमीटरच्या प्रवासात वाचतात ती दहा मिनिटं, तीही रस्ता पूर्ण मोकळा मिळाला तर. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो.

म्हणून मर्यादा सरसकट खाली आणा, असं मी म्हणत नाही. रुंद, सरळ, दुभाजक असलेल्या रस्त्यावर नुसता 60 चा बोर्ड लावला तर बरेच जण तो पाळत नाहीत. निम्मे जण 60 ने आणि निम्मे 100 ने जाऊ लागले की सतत ओव्हरटेक आणि लेन बदलणं सुरू होतं, आणि त्यातून वेगळाच धोका उभा राहतो. वेग कमी हवा असेल तर रस्त्याची आखणी, वळणं, क्रॉसिंग यांवरही काम करावं लागतं. नुसता बोर्ड बदलून कॅमेरा बसवला तर लोकांना तो सापळाच वाटणार.

नियम वाचताना आणखी एक चूक सर्रास होते. बातमीत "आता 120" असं येतं आणि सगळे तो आकडा स्वतःला लावून घेतात. पण तो कोणत्या वाहनाला? कार, बस, ट्रक, दुचाकी यांच्या मर्यादा बहुतेक ठिकाणी वेगळ्या असतात. पावसात तोच आकडा राहतो का? फ्रान्सच्या मोटरवेवर एरवी 130 असतं, पाऊस पडत असताना 110. लागू कधीपासून? आणि कायद्यातला आकडा ही वरची हद्द असते. घाटात, वळणावर, काम चालू असलेल्या पट्ट्यात बोर्डवर त्याहून कमी आकडा असेल तर तोच पाळायचा. मोबाईलच्या नकाशात जुना आकडा दिसत होता, ही सबब दंड भरताना चालत नाही.

अशा बदलाचा मसुदा निघतो तेव्हा हरकती आणि सूचनांसाठी बहुधा मुदत दिलेली असते. कमेंटमध्ये एकमेकांशी भांडण्यापेक्षा तिथे चार ओळी पाठवा. हा आकडा कशाच्या आधारावर ठरवला, या रस्त्यावर गेल्या काही वर्षांत कुठे आणि कसे अपघात झाले, आणि बदलानंतर वर्षभराने तीच माहिती पुन्हा जाहीर करणार का, हे विचारा. मर्यादा वाढवणाऱ्यांनाही विचारा आणि कमी करणाऱ्यांनाही.