आतड्याचं वय ७१

आज रविवार, आणि बाबांनी तर्री पोहे नको म्हटलं. आमच्या बाबांनी! "काहून?" विचारलं तर मोबाइल पुढे केला. सोसायटीतल्या शिबिरात १४ हजार मोजून पोटातल्या जंतूंची तपासणी केली होती म्हणे, त्याचा रिपोर्ट. रंगीत गोळेच गोळे, आणि वर ठळक अक्षरात: आतड्याचं वय ७१. बाबा ६६ चे. "पाच वर्षं जास्तीची कुठून आली रे?" विचारून राहिले. हसत नव्हते.

डोकंच फिरलं. शिबिरवाल्या पोराला फोन लावला, हे वय काढता कसं? "सर, एआय." बरं, उपाय? त्यांच्याच प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या जंतूंच्या, कॅप्सूल, तीन महिने. वा रे वा!

अरे, तुलना कोणाशी करता? या शास्त्राचा बहुतेक डेटा अमेरिका-युरोपातल्या पोटांचा. ज्वारीची आंबील आणि अंबाडीची भाजी खाऊन वाढलेला माणूस त्यात बसणार कसा? तोच नमुना दोन लॅबमध्ये दिला तरी निकाल वेगळे येऊ शकतात. आणि कॅप्सूलचं म्हणाल, तर २०१८ मध्ये इस्रायलच्या शास्त्रज्ञांना दिसलं की अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे मूळचे जंतू काहीच न घेणाऱ्यांपेक्षा उशिरा परतले. हे शिबिरात कोण सांगतं?

शास्त्र खोटं नाही, मान्य. पोटात ३८ लाख कोटींच्या आसपास जीवाणू आहेत, आपल्या स्वतःच्या पेशींहून थोडे जास्तच. सी. डिफ नावाच्या जंतूनं होणारे जुलाब पुन्हा पुन्हा उलटू नयेत म्हणून अमेरिकेत २०२२ आणि २०२३ मध्ये दोन औषधांना मंजुरी मिळाली, निरोगी माणसाच्या विष्ठेतून बनवलेली. नाक मुरडू नका, जीव वाचतात त्यानं. उद्या मधुमेह्याला ज्वारी खा की भात, हे त्याचे जंतू पाहून सांगतीलही. पुण्यात आपल्या लोकांच्या जंतूंवर काम झालंय, ते वाढलं पाहिजे. पण ते उद्या. पैसे मात्र आजच घेऊन राहिले, तेही पेन्शनवाल्यांकडून.

आणि आपणही काही कमी नाही. गेल्या पावसाळ्यात साध्या सर्दीला बाबांनी मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिक आणलं, चिठ्ठी नाही काही नाही. नंतर महिनाभर पोट बिघडलं. तेव्हा ताकभात खाऊन काढले दिवस. घरात कोणी अडवलं? मी पण नाही.

खरं तर राग त्या पोरावर कमी आहे. बाबा दुपारभर तो रिपोर्ट उघडून बसले होते, चष्मा कपाळावर, एकेक गोळा बोटानं मोठा करून पाहत. एकदम म्हातारे वाटले.

उद्या सोमवार असला तरी पोहे मीच आणतो. तर्री वेगळी बांधून.