मी क्लिक केलो

प्रमाण मराठीत माणूस 'मी क्लिक केलं' म्हणतो. क्रियापद क्लिकच्या गळ्यात पडतं आणि माणूस नामानिराळा राहतो. सोलापुरात आम्ही 'मी क्लिक केलो' म्हणतो, जसं 'मी जेवण केलो', 'मी पेपर वाचलो'. कर्ता थेट आरोपीच्या पिंजऱ्यात. व्हायरस शिरलेल्या कॉम्प्युटरचा पंचनामा करायला याहून सोयीचं गाव नसेल, असं कुणालाही वाटेल. पण कॉम्प्युटर बिघडला की हेच गाव एका रात्रीत व्याकरण बदलतं. "मी काय केलो नाही ओ. आपोआप झालं."

ओळखीपाळखीतल्या कॉम्प्युटरांची बिनपगारी वैद्यकी ज्याच्या गळ्यात पडते, त्याचा अर्धा वेळ या 'आपोआप'ची फोड करण्यातच जातो. आपोआप शिरणारे प्रकार नाहीतच असं नाही. मे २०१७ मधला वॉनाक्राय नावाचा व्हायरस नेटवर्कमधून एका मशीनवरून दुसऱ्यावर उडी मारायचा, कुणाच्या क्लिकची वाट बघायचा नाही. पण त्यावरचं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं. म्हणजे तिथंही कुणीतरी दोन महिने 'नंतर' म्हणत बसलेलं होतंच.

बाकीचे बहुतेक दार वाजवून, नमस्कार करून येतात. समजा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतलं टॉवेलचं ऑफिस आहे. परदेशातून मेल येतो: पाच हजार डझन टर्किश टॉवेल हवेत, नग आणि साइज सोबतच्या फाइलमध्ये. फाइलचं नाव 'पर्चेस ऑर्डर डॉट पीडीएफ', वर पीडीएफचं लालभडक चित्र. खरं नाव असतं 'पर्चेस ऑर्डर डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई', आणि ईएक्सई म्हणजे प्रोग्रॅम. विंडोज ओळखीच्या फाइलींचं शेपूट मुळातच लपवून ठेवतं आणि प्रोग्रॅमला चित्र कुठलंही चिकटवता येतं. ही युक्ती इतकी जुनी आहे की २००० सालच्या मे महिन्यात प्रेमपत्राच्या नावाखाली जगभर फिरलेल्या व्हायरसनंही हीच वापरली होती. त्यातलं पत्र टीएक्सटी, म्हणजे साधा मजकूर दिसायचं आणि मागं व्हीबीएस, म्हणजे प्रोग्रॅम लपलेला असायचा. उपाय दहा सेकंदांचा आहे. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोरर उघडा, 'व्ह्यू', त्यात 'शो', त्यात 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर टिक. एवढं केलं की लपलेली बरीचशी शेपटं दिसायला लागतात.

उघडी ईएक्सई मेलवाले बहुधा दारातच अडवतात. म्हणून ती बरेचदा पासवर्ड घातलेल्या झिपमधून येते आणि पासवर्ड मेलमध्येच लिहिलेला असतो. कुलूप तपासणाऱ्यासाठी, किल्ली तुमच्यासाठी. आत काय आहे ते मेलच्या स्कॅनरला सहसा उघडून बघता येत नाही, आपल्याला मात्र 'किती सुरक्षित पाठवलंय बघा' असं वाटतं.

खरी गंमत पुढं. फाइलवर डबल क्लिक केलं की काहीच दिसत नाही. आत काम सुरू झालेलं असतं, पण पडद्यावर ऑर्डर नाही. मग माणूस आणखी चारदा क्लिक करतो. तरी उघडंना, म्हणून ती फाइल चुलतभावाला पाठवतो: "तुझ्याकडं उघडतंय का बघ बे." १९९९ आणि २००० साली व्हायरसला पसरायला ॲड्रेस बुकातून स्वतः मेल पाठवायची मेहनत घ्यावी लागायची. आता ते काम घरचेच करतात.

एक्सेलच्या फाइलींची तऱ्हा वेगळी. त्यात मॅक्रो म्हणजे छोटा प्रोग्रॅम असतो आणि वर पिवळ्या पट्टीवर 'एनेबल कंटेंट'चं बटण. २०२२ पासून नेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टनं मुळातच बंद केले, तिथं आता लाल पट्टी येते. तर भामटे मेलमध्ये कृती लिहून पाठवतात: राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली 'अनब्लॉक'. गीझरबरोबर आलेलं माहितीपत्रक ज्यानं जन्मात उघडलं नाही, तो ही कृती ओळीत बोट ठेवून पाळतो.

ब्राउझरमधला त्रास बहुतेक वेळा व्हायरस नसतोच. कुठल्या तरी साइटवर 'अलाउ' दाबलेलं असतं, आणि मग दर पाच मिनिटांनी कोपऱ्यात 'तुमच्या मशीनमध्ये व्हायरस सापडले' अशी पाटी येते. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जायचं आणि अनोळखी नावं काढून टाकायची. भोंगा वाजवत अख्खा पडदा व्यापणारं पान आलं तर त्यावरच्या नंबरला फोन करायचा नाही. एस्केप दाबून धरायचं, नाहीच गेलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि त्यातून ब्राउझर बंद करायचा. परत उघडताना 'मागची पानं आणू का' विचारेल, त्याला नाही म्हणायचं. ब्राउझर बिचारा आठवणीनं तोच भोंगा पुन्हा आणून देतो.

पण सध्याचा अस्सल प्रकार 'मी रोबो नाही'वाला. चौकटीत टिक केली की पान गुपचूप एक कमांड, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायचा हुकूम, कॉपी करून ठेवतं. मग सांगतं: खात्रीसाठी विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. उघडलेली 'रन'ची खिडकी असते वीतभर. कमांडचं शेपूट, 'मी रोबो नाही, पडताळणी क्रमांक अमुक', तेवढं दिसतं. धड डावीकडं पडद्याआड असतं आणि ते पॉवरशेल, म्हणजे विंडोजचं हुकूम पाळणारं साधन, चालवून नेटवरून माल खाली ओढतं. अँटिव्हायरसही कधीकधी गप्प राहतो, कारण मालकानं स्वतःच्या हातानं हुकूम दिलेला असतो. हा 'मी केलो'चा शुद्ध नमुना. शंका असेल तर तेच रनऐवजी नोटपॅडमध्ये पेस्ट करून बघा, धडासकट दिसेल. माणूस आहोत हे सिद्ध करायला कुठल्याही साइटला रनची खिडकी लागत नाही.

हा माल बहुधा ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज उचलतो. कुकी म्हणजे गड्ड्याच्या जत्रेत तंबूबाहेर जाताना हातावर मारलेला शिक्का समजा. शिक्का असला की परत आत येताना तिकीट कोण मागत नाही. म्हणून ओटीपी लावूनही खातं जातं. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून, आणि प्रत्येक खात्यात 'सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट' करायचं. बिघडलेल्या मशीनवरच नवा पासवर्ड टाकणं म्हणजे चोर घरात असताना नवं कुलूप लावून किल्ली त्यालाच दाखवणं.

मोबाइलवर लग्नपत्रिका येते. पूर्वी पत्रिकेला हळद-कुंकवाची बोटं लावलेली असायची, आता मागं 'एपीके', म्हणजे ॲपच्या फाइलीचं शेपूट लावलेलं असतं. पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ असते. तिला 'अनोळखी ॲप चालू द्या' आणि 'मेसेज वाचू द्या' कशाला लागतंय? मेसेज म्हणजे बँकेचा ओटीपी. उघडलंच असेल तर नेट बंद, ॲप काढून टाका, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन. तासाभरानं लावू, चहा घेऊन लावू, असं नको.

कॉम्प्युटरचंही तसंच. आधी नेटची वायर उपटायची, मग विंडोज सिक्युरिटीतला ऑफलाइन स्कॅन चालवायचा. मशीन रीस्टार्ट होतं आणि साधारण पंधरा मिनिटं लागतात. बॅकअपची हार्ड डिस्क कायम खोचून ठेवलेली असली, तर फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस तिलाही सोडत नाही. हे ऐकून मालक खोचलेल्या डिस्ककडं बघतात आणि पोराला शेंगाचटणी-भाकरी आणायला पाठवतात. विषय बदलायची सोलापुरी रीत.

स्कॅन होतो, फाइल सापडते, ती काढून टाकतो म्हटलं की मालक खुर्ची पुढं ओढतात. "काढा की ओ. पण काढायच्या आधी त्यातली ऑर्डर तेवढी प्रिंट मारता येईल का? पाच हजार डझन म्हणालता."