गर्दीचा आर्किटेक्ट

लहानपणी बाबा आम्हाला मुंबईत धोबीतलावच्या मेट्रो थेटरला शोच्या तासभर आधी न्यायचे. तिकिटं हातात असायची, तरी. आई वैतागायची, "एवढ्या लवकर जाऊन काय तिथे झाडू मारायचाय?" बाबांचं उत्तर ठरलेलं असे. "पैसे काय नुसत्या पिक्चरचे दिलेत?" मग ते आम्हाला आतल्या गालिच्यावरून फिरवायचे, जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवायला लावायचे आणि डोअरकीपरशी असं बोलायचे जणू थेटर वडिलोपार्जित आहे. बाबा कारकून होते. ऑफिसात त्यांना कुणी बस म्हणत नसे. मेट्रोत मात्र त्यांची चाल बदलायची.

खूप वर्षांनी मार्कस लो या अमेरिकन थेटरमालकाच्या नावावर सांगितलं जाणारं एक वाक्य वाचनात आलं: आम्ही सिनेमाची नाही, थिएटरची तिकिटं विकतो. वाचून मी हसत सुटलो. बाबांनी ते न वाचताच पाठ केलं होतं.

या मार्कस लोचा लाडका आर्किटेक्ट म्हणजे थॉमस लॅम्ब. आपलं मेट्रो त्याचंच. मेट्रोवर दर दोन महिन्यांनी कुणी ना कुणी हळवी पोस्ट टाकतं. त्यात एमजीएम ही हॉलिवूडची कंपनी असते, आर्ट डेको शैली असते, ब्लॅकवाले असतात, समोरच्या इराण्याचा ब्रून मस्का असतो. लॅम्बचं नाव नसतं. म्हणून आज जरा लांबण लावणार आहे.

हा माणूस स्कॉटलंडमधल्या डंडीचा. बारा वर्षांचा असताना अमेरिकेत आला, न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमध्ये शिकला आणि सुरुवातीला चक्क महापालिकेचा इमारत निरीक्षक होता. त्याच्यावर लिहिणारे ही नोकरी एका ओळीत उरकतात आणि थेट झुंबरांकडे वळतात. माझ्या मते त्याची सगळी कारकीर्द त्या नोकरीत आहे. 1903च्या डिसेंबरात शिकागोच्या इरक्वॉय थिएटरला आग लागली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. थिएटर नवंकोरं होतं. दारं होती, पण काही कुलूपबंद, काही पडद्याआड, काही उघडायची कशी तेच कुणाला कळेना. त्यानंतर अमेरिकेतल्या शहरांनी थिएटरांचे नियम आवळले. त्या काळात ज्याला या धंद्यात टिकायचं होतं त्याला प्लास्टरची फुलं काढता येऊन भागणार नव्हतं. तीन हजार माणसं आत कशी येतील आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बाहेर कशी पडतील, हे कळायला हवं होतं. लॅम्ब टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून आलेला होता.

1909मध्ये विल्यम फॉक्स या सिनेमाधंद्यातल्या माणसासाठी त्यानं न्यूयॉर्कच्या चौदाव्या रस्त्यावर सिटी थिएटर बांधलं आणि मग कामांची रांगच लागली. तो काळ लक्षात घ्या. सिनेमा म्हणजे दुकानाच्या गाळ्यात खुर्च्या मांडून पाच सेंटला दाखवायची चीज. सभ्य घरातली माणसं तिकडे फिरकत नसत. 1913मध्ये न्यूयॉर्कच्याच हार्लेम भागात लॅम्बचं रीजंट उभं राहिलं. मुद्दाम सिनेमासाठी बांधलेल्या पहिल्या भव्य थिएटरांपैकी हे एक. बाहेरून व्हेनिसच्या राजवाड्याचा थाट, आत वाद्यवृंद. पुढच्याच वर्षी ब्रॉडवेवर स्ट्रँड, सुमारे तीन हजार खुर्च्यांचं. मग रियाल्टो, रिव्होली आणि 1919ला कॅपिटॉल, पाच हजारांच्या वर खुर्च्या! आज मल्टिप्लेक्सच्या एका पडद्यासमोर दोनशे माणसं बसतात, त्यातली निम्मी फोनवर. पाच हजार माणसं एकदम हसली की कसा आवाज होत असेल, कुणास ठाऊक.

त्याची थिएटरं मोठमोठ्या लॉब्यांची का, यामागे हिशोब आहे. तेव्हा खेळ दिवसभर एकामागून एक चालायचे. एक गर्दी आत बसलेली असताना दुसरी बाहेर ताटकळणार. रस्त्यावर उभी राहिली तर घरी निघून जाणार, म्हणून तिला आत घ्यायचं आणि असं काहीतरी दाखवत ठेवायचं की वाट पाहणं हाही करमणुकीचाच भाग वाटावा. आरसे, संगमरवर, जिने, चित्रं. पाच पावलांवर नवं काही. लॉबी म्हणजे खरंतर गर्दी साठवायची टाकी होती, फक्त सोन्याचा मुलामा दिलेली.

सजावटीत तो सुरुवातीला अ‍ॅडम शैलीवर पोसला. अठराव्या शतकातले अ‍ॅडम बंधू त्याच्याच स्कॉटलंडचे. उथळ उठावाचं नाजूक प्लास्टर, लंबगोल, पंखे, माळा. साचे घेऊन प्लास्टर ओतायचं असल्यानं दगडाच्या मानानं स्वस्त आणि झटपट. लोकांना राजवाडा दिसायचा, मालकाला बिल परवडायचं. आधुनिक वास्तुकलेचे कट्टर भक्त अशा कामाला नाक मुरडतात. केकवरचं आयसिंग म्हणतात. म्हणोत बापडे. केकवर आयसिंग असू नये असं वाटणारा माणूस मला अजून भेटायचाय.

आता एक जागा जवळून बघू. टोरोंटोतलं एल्गिन आणि विंटर गार्डन. 1913-14 सालची ही दोन थिएटरं एकावर एक आहेत, खालचं लाल-सोनेरी आणि त्याच्या डोक्यावर सात मजले उंच दुसरं. वरच्या थिएटरच्या छताला लॅम्बनं खऱ्याखुऱ्या बीच झाडाच्या पानांच्या फांद्या टांगल्या. मधूनमधून कंदील, भिंतींवर हातानं रंगवलेल्या वेली. बाहेर कॅनडाची थंडी आणि आत बाग. 1928मध्ये वरचं थिएटर बंद झालं आणि पुढची साठ वर्षं ते कुलपात तसंच पडून राहिलं, वर पानं आणि पानांवर धूळ. दुरुस्ती सुरू झाली तेव्हा कळलं की भिंतींवरचा रंग पाण्यानं जाईल. मग काय केलं असेल? पावाचं कच्चं पीठ मळून त्याचे गोळे भिंतीवर हलक्या हातानं फिरवले आणि काजळी त्या पिठानं उचलली. छताला पुन्हा नव्या फांद्या तोडून, वाळवून टांगल्या. 1989ला दोन्ही थिएटरं उघडली. त्या कामगारांपैकी कुणीतरी पहिल्यांदा "पीठ मळून आणू का?" असं विचारलं असेल, तेव्हा मीटिंगमध्ये किती शांतता पसरली असेल, हे मी अधूनमधून मनाशी रंगवतो.

मला सगळ्यात गंमत वाटते ती याच्या पुढच्या भागाची. 1920च्या दशकाच्या शेवटाला अमेरिकन गिऱ्हाइकाला अ‍ॅडमचा कंटाळा आला आणि लॅम्ब 'पूर्वेकडे' वळला. 1928मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्युजला त्यानं मार्कस लोच्या कंपनीचं थिएटर बांधलं. शैलीचं नाव काय, तर इंडो-पर्शियन. लाल, सोनेरी, जाळ्या, कमानी आणि वरच्या दालनात जपानी पॅगोडाचं कारंजं. भारत, इराण, जपान, सगळं एकाच तिकिटात. 1930चं मॅनहॅटनमधलं 175व्या रस्त्यावरचं थिएटर तर याच्याही पुढे जातं. तिथे हिंदू देवळाच्या शेजारी स्पेन-मोरोक्कोकडची मूर नक्षी आणि तिच्या पलीकडे चीन बिनदिक्कत नांदतात. बर्फात कुडकुडणाऱ्या सिरॅक्युजच्या दुकानदाराला थोड्या सेंटांत महाराजाच्या महालात बसल्यासारखं वाटायचं.

आणि हाच लॅम्ब जेव्हा खऱ्या हिंदुस्थानात काम करायला आला तेव्हा? मार्कस लोची कंपनी हीच एमजीएमची मालक, त्यामुळे एमजीएमची परदेशातली मेट्रो थिएटरंही त्याच्याच टेबलावर आली. आधी कलकत्त्याचं मेट्रो, मग जून 1938मध्ये मुंबईचं. तिथे एक कमान नाही, एक जाळी नाही, हत्ती नाही. कोपऱ्यावर वळणारी गुळगुळीत भिंत, सरळ रेषा, वातानुकूलित हवा. अमेरिकनांना त्यानं खोटा भारत विकला आणि आपल्याला अमेरिका. दोन्हीकडे गिऱ्हाईक खूश!

कुणी याला वसाहतवाद म्हणेल. असेलही. मला त्यात दुकानदाराची अक्कल दिसते. समोरच्याला जे घरी मिळत नाही ते द्यायचं. कमानी आणि जाळ्या बघायला मुंबईकरानं तिकीट कशाला काढलं असतं? त्या त्याला बोरीबंदरला फुकट दिसत होत्या. भारतीय हात मात्र मेट्रोला लागलाच. आतली भित्तिचित्रं जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी चार्ल्स जेरार्डच्या देखरेखीखाली केली होती.

कौतुकाच्या भरात त्याला देव करायचं नाही. न्यूयॉर्कचं 1925चं मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे क्रीडागृह त्याचंच. मुष्टियुद्धाच्या लढती भरवणाऱ्या टेक्स रिकार्डसाठी 249 दिवसांत उभं केलं. मुष्टियुद्धाला ठीक, कारण सगळ्यांच्या नजरा मधल्या रिंगणावर. आइस हॉकीला मात्र बाजूच्या बाल्कनीत पहिल्या रांगेच्या मागे बसलं की मैदानाचा एक तुकडा गायब. हवा खेळण्याची सोय बेताची, त्यात सिगारेटी, म्हणजे वरच्या मजल्यावर धुकंच. गर्दी हाताळण्यात मुरलेल्या माणसाकडून हे कसं झालं? मला वाटतं, थिएटरची गर्दी एका दिशेला बघते हे त्याच्या हाडीमांसी मुरलं होतं. चहूबाजूंनी बघणारी गर्दी हे वेगळंच जनावर आहे.

जगभर मिळून तीनशेच्या वर थिएटरं त्याच्या नावावर सांगितली जातात. मंदी आली आणि महाल बांधायचे दिवस संपले. 1942मध्ये तो गेला. थिएटरांची गतही विचारू नका. सॅन फ्रान्सिस्कोचं साडेचार हजारांच्या वर खुर्च्यांचं फॉक्स 1929मध्ये उघडलं आणि 1963मध्ये पाडलं, म्हणजे चौतीस वर्षं. स्ट्रँड, रिव्होली, कॅपिटॉल, सगळी गेली. रीजंटचं चर्च झालं म्हणून वाचलं. 175व्या रस्त्यावरचंही एका धर्मोपदेशकानं घेतलं म्हणून तगलं. 42व्या रस्त्यावरचं 1912चं त्याचं एक थिएटर तर 1998मध्ये आख्खं उचलून रुळांवरून सुमारे 170 फूट सरकवलं. आता ती एका मल्टिप्लेक्सची लॉबी आहे. म्हणजे शेवटी उरली ती लॉबीच.

आपल्या मेट्रोचंही 2006मध्ये मल्टिप्लेक्स झालं, सहा पडद्यांचं. मी त्यावर गळा काढणार नाही. पाडून टॉवर उभा राहिला असता तर काय केलं असतं आपण? चार हळव्या पोस्टी, अजून काय.

मागे मुलीला घेऊन गेलो होतो. शो साडेसहाचा, मी साडेपाचलाच तिला टॅक्सीतून उतरवलं. तिनं घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाबा, एवढ्या लवकर येऊन करायचं काय इथे?"

मी म्हटलं, "चल, आधी बाहेरून एक चक्कर मारू."