‘बँकेने कर्ज दिलं म्हणजे टायटल क्लिअर’: जुना फ्लॅट घेणाऱ्यांच्या गळी उतरवल्या जाणाऱ्या पाच समजुती

सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा आशय असा: ‘रीसेल फ्लॅट घेताना वकिलावर पैसे घालवू नका. बँकेने लोन पास केलं की टायटल क्लिअर. इंडेक्स टूवर नाव आलं की तुम्ही मालक. आधीचं कर्ज असेल तर तेही इंडेक्स टूमध्ये दिसतंच. पेपरात नोटीस दिली की कुणाचा हक्क उरत नाही. आणि लोन दुसऱ्या बँकेत न्यायचं असेल तर फक्त सह्या करायच्या.’ (टायटल म्हणजे मालकी हक्क, इंडेक्स टू म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सारांश देणारा उतारा.) यातलं एकही विधान टिकत नाही. महाराष्ट्रातला कायदा आणि कामाची रीत धरून एकेक पाहू.

‘बँकेने लोन पास केलं की टायटल क्लिअर’

बँकेच्या पॅनेलवरचा वकील सर्च, म्हणजे मालमत्तेच्या जुन्या नोंदींचा शोध, घेतो आणि त्याची फी बहुधा तुमच्याकडूनच वसूल होते. पण रिपोर्ट बँकेच्या नावाने असतो आणि त्यात बँकेच्या प्रश्नाचं उत्तर असतं: एवढ्या कर्जाला हे तारण चालेल का?

आकडे मांडून पाहा. पुण्यात ८० लाखांचा फ्लॅट आहे. रिझर्व्ह बँकेच्या मर्यादेप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के मिळतात, म्हणजे ६४ लाख. तुमच्या खिशातले १६ लाख, मुद्रांक शुल्क आणि त्यावरचे अधिभार मिळून ७ टक्क्यांनी ५ लाख ६० हजार, नोंदणी फी ३० हजार. जवळपास २२ लाख गेले, आणि बँकेच्या वकिलाला या २२ लाखांशी काही देणंघेणं नाही. उद्या टायटलमध्ये दोष निघाला तरी कर्ज माफ होत नाही. हप्ता तुमच्या खात्यातून जातच राहतो, कारण कर्ज तुमच्या नावावर आहे, फ्लॅटच्या नाही.

म्हणून बँकेच्या सर्च रिपोर्टची प्रत लेखी मागा आणि आपल्या वकिलाला दाखवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे टोकन देतानाच विसारपावतीत लिहून घ्या की टायटल सदोष निघालं तर टोकन पूर्ण परत मिळेल. लोक कर्ज मंजूर होण्याआधी टोकन देऊन मोकळे होतात आणि मग दोष दिसला तरी माघार घ्यायला कचरतात.

‘इंडेक्स टूवर नाव आलं की तुम्ही मालक’

दस्त नोंदवून घेणारा अधिकारी, म्हणजे दुय्यम निबंधक, दस्त कुणी केला, ओळख पटली का, मुद्रांक पुरेसा आहे का, हे पाहतो. विकणाऱ्याकडे मालकी होती का, हे ठरवणं त्याचं काम नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये के. गोपी प्रकरणात तामिळनाडूचा एक नोंदणी नियम रद्द करताना हेच स्पष्ट केलं. नोंदणीशिवाय मालकी येत नाही हे खरं, पण नोंदणीने नसलेली मालकी येत नाही. सातबारा आणि प्रॉपर्टी कार्ड यांचंही तसंच. फेरफार महसुलासाठी असतो, त्याने मालकी सिद्ध होत नाही, असं न्यायालयांनी अनेकदा सांगितलं आहे.

सोसायटीच्या फ्लॅटमध्ये हा घोटाळा सगळ्यात जास्त नॉमिनीच्या बाबतीत होतो. वडील मृत्युपत्र न करता वारले, नॉमिनी आई, मुलं तीन. सोसायटीने शेअर सर्टिफिकेट आईच्या नावे केलं. आईने फ्लॅट विकला, दस्त नोंदला, इंडेक्स टूवर तुमचं नाव आलं. कागद चोख दिसतात. पण हिंदू वारसा कायद्याने तिन्ही मुलांचा, लग्न झालेल्या मुलीचासुद्धा, आईइतकाच वाटा आहे. इंद्राणी वही प्रकरणात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शेअर नॉमिनीच्या नावे झाले तरी त्यामुळे वारसांचा हक्क जात नाही. तेव्हा सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूच्या हस्तांतर नोंदी वाचा. मधे कुठे मृत्यूमुळे नाव बदललेलं असेल तर सगळ्या वारसांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागा, नाहीतर प्रत्येक वारसाला विक्री करारात सही करायला लावा. ‘मुलगी परदेशात आहे, तिची काही हरकत नाही’ या तोंडी आश्वासनावर व्यवहार करू नका.

‘आधीचं कर्ज इंडेक्स टूमध्ये दिसतंच’

सगळ्यात जास्त नुकसान करणारी समजूत हीच. गृहकर्जात बँक बहुधा नोंदणीकृत गहाणखत करत नाही, मूळ दस्त ठेवून घेते. नुसते दस्त ठेवून झालेलं गहाणही कायद्याने पक्कं असतं (मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, कलम ५८) आणि त्याची नोंदणी सक्तीची नव्हती. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१३ पासून अशा गहाणाची नोटीस कर्जदाराने ३० दिवसांत निबंधक कार्यालयात द्यावी लागते. त्याआधीचं असं गहाण सर्चमध्ये बहुधा सापडत नाही. नंतरचंही, कुणी नोटीस दिलीच नसेल तर सापडत नाही.

मग काय पाहायचं? पहिलं, सर्साई ही केंद्रीय नोंदवही. ती २०११ साली सुरू झाली आणि तिच्यात बँका, वित्तसंस्था तारणं नोंदवतात. नाममात्र फी भरून कुणालाही शोध घेता येतो. फ्लॅट नंबर, इमारत, सर्व्हे किंवा सीटीएस (शहर भूमापन) नंबर वेगवेगळ्या पद्धतीने टाकून पाहा, कारण बँकांचे कारकून पत्ते मनाला येतील तसे भरतात. खासगी सावकाराकडे ठेवलेले दस्त तिथेही दिसतीलच असं नाही.

म्हणून दुसरी गोष्ट सोडू नका: बिल्डरच्या पहिल्या करारापासून आजपर्यंतच्या प्रत्येक दस्ताची मूळ प्रत डोळ्यांनी पाहा. रंगीत झेरॉक्स आज मूळ दस्तासारखी दिसते. शिक्क्याचा उठाव, फ्रँकिंगचा (यंत्राने छापलेल्या मुद्रांकाचा) ठसा, नोंदणीची मूळ पावती तपासा आणि निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत काढून पानंपानं ताडून घ्या. मधला एखादा मूळ दस्त ‘हरवला’ असेल तर तो कुठेतरी गहाण पडला आहे असंच आधी गृहीत धरा. हरवल्याची पोलिसांतली नोंद आणि जाहीर नोटीस हवीच, पण सर्साईचा शोध आणि त्या काळातल्या मालकाच्या बँकेचा नो ड्यूज (काही बाकी नसल्याचा) दाखला मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सर्च ३० वर्षांचा का घेतात, तेही सांगायला हवं. मुदत कायद्यात गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याला ३० वर्षं मिळतात, सरकारच्या दाव्यालाही तेवढीच. ऑनलाइन ई-सर्चवर मुंबईचे दस्त १९८५ पासून आणि बाकी महाराष्ट्राचे २००२ पासून आहेत. त्यामुळे मुंबईबाहेर नुसता ऑनलाइन शोध ३० वर्षं भरत नाही. उरलेल्या काळासाठी माणसाने कार्यालयात बसून जुनी पुस्तकं चाळावी लागतात.

‘पेपरात नोटीस दिली की हक्क उरत नाही’

नोटिशीत दिलेल्या १४ दिवसांत हरकत आली नाही म्हणून कुणाचा कायदेशीर हक्क संपत नाही. खरेदीदाराने प्रामाणिकपणे चौकशी केली, एवढाच पुरावा त्यातून मिळतो. नोटीस जरूर द्या, पण तिच्या भरवशावर वारसांच्या सह्या सोडू नका.

‘लोन दुसऱ्या बँकेत नेताना फक्त सह्या’

इथे गाडी अडते ती दिवसांच्या हिशेबावर. जुनी बँक फोरक्लोजर लेटरमध्ये, म्हणजे कर्ज पूर्ण फेडायला किती भरायचे ते सांगणाऱ्या पत्रात, ठराविक तारखेची रक्कम देते. ४० लाख बाकी आणि ८.५ टक्के व्याज असेल तर रोजचं व्याज सुमारे ९३० रुपये. नव्या बँकेचा चेक पाच दिवस उशिरा पोचला तर साडेचार हजारांवर रक्कम कमी पडते, खातं बंद होत नाही आणि दस्त सुटत नाहीत. चेक काढण्याआधी नवी तारीख धरून रक्कम मागून घ्या. त्या महिन्याचा हप्ता आधीच कापला गेला असेल तर तोही हिशेबात धरायला सांगा.

फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही. जुन्या बँकेने मागितला तर नाकारा.

अर्ज करण्यापूर्वी जुन्या बँकेकडून ठेवलेल्या दस्तांची यादी, म्हणजे एलओडी, घ्या आणि आपल्याकडच्या पोचपावतीशी जुळवा. पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत सगळे मूळ दस्त परत करून बोजा उतरवणं बँकेवर बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. १ डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचा हा नियम लागू आहे. दस्त बँकेकडून गहाळ झाले तर नक्कल काढायचा खर्च बँकेचा, मात्र तिला आणखी ३० दिवस मिळतात. चेक वटल्यापासून दस्त हाती येईपर्यंत नव्या बँकेकडे तारण नसतं, म्हणून काही बँका तेवढ्या काळाला जास्त व्याज लावतात. हा दर मंजुरीपत्रात आहे का, ते सही करण्याआधी पाहा.

नवं गहाण झालं की ३० दिवसांत नोटीस पुन्हा द्यायची असते. तिचा मुद्रांक आणि फी व्याजाच्या बचतीतून वजा करूनच बँक बदलायची की नाही ते ठरवा. शेवटी महिन्याभराने सर्साईत शोध घ्या. जुन्या बँकेची नोंद अजून चालू दिसत असेल तर नो ड्यूज दाखला जोडून लेखी तक्रार करा आणि तिची पोच फ्लॅटच्या फायलीत लावून ठेवा.