पाणबुड्याला विमानाने उचलल्याच्या मेसेजबद्दल खुलासा

वणवा विझवणाऱ्या विमानाने तळ्यातल्या पाणबुड्याला पाण्यासकट उचलून जळत्या झाडांवर टाकलं, असा मेसेज पुन्हा फिरतोय. ही निव्वळ दंतकथा आहे, वर्षानुवर्षं चालत आलेली. सीएल-४१५ सारखं वणवा विझवणारं विमान तळ्यावर थांबत नाही. पाण्याला घासत वेगाने पुढे जातं आणि पोटाखालच्या छोट्या तोंडांतून सुमारे १२ सेकंदांत ६,००० लिटरहून जास्त पाणी टाकीत घेतं. ती तोंडं जेमतेम तळहाताएवढी. त्यातून माणूस आत जाणारच कसा?

खरा धोका वेगळाच आहे, आणि तो कुणी फॉरवर्ड करत नाही. होड्या किंवा पोहणारे वाटेत असले, तर वैमानिकाला पाणी न भरताच वर जावं लागतं. तेवढ्या वेळात आग पसरते. म्हणून विमान दिसलं की व्हिडिओसाठी जवळ जाऊ नका, लगेच काठाला या.